इलेक्टोरल कॉलेज की देशभराची थेट मतं? एक शीट बनवा आणि स्वतः हिशोब करून बघा

आधी एक कोरी स्प्रेडशीट उघडा, गूगल शीट असो नाहीतर एक्सेल, शक्यतो लॅपटॉपवर, मोबाईलवर एवढे कॉलम सांभाळताना वैताग येतो. अमेरिकेचा प्रेसिडेंट राज्याराज्यातल्या इलेक्टर्सनी (राज्यांनी नेमलेले, प्रेसिडेंटसाठी प्रत्यक्ष मत टाकणारे प्रतिनिधी, हेच इलेक्टोरल कॉलेज) ठरवावा की देशभरातली सगळी मतं एकत्र मोजून ठरवावा यावर आपल्या ग्रुप्सवर लोक रात्ररात्र भांडतात आणि त्यातल्या बहुतेकांनी एकदाही आकडे मांडून बघितलेले नसतात. मी न्यू जर्सीत मत देते, हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, आणि मी देशभराच्या मोजणीच्या बाजूची आहे हे आत्ताच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझा कल माहीत असेल. पण शीट कुणाच्याच बाजूची नसते, म्हणून ती आधी.

पहिल्या कॉलममध्ये राज्यांची नावं, ५० राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी मिळून ५१ ओळी. दुसऱ्यात प्रत्येकाचे इलेक्टर्स. हा आकडा येतो कुठून, तर त्या राज्याचे हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्जमध्ये (आपल्या लोकसभेसारखं सभागृह) जितके सदस्य तितके, अधिक सिनेट या दुसऱ्या सभागृहातल्या दोन सिनेटर्सचे दोन. हाउसच्या ४३५ जागा लोकसंख्येप्रमाणे वाटल्या जातात, सिनेटच्या जागा मात्र राज्य केवढंही असू दे प्रत्येकी दोनच, म्हणजे १००. झाले ५३५. त्यात १९६१ च्या २३ व्या घटनादुरुस्तीने डीसीला मिळालेले ३ घाला, ५३८. निम्म्याच्या वर जायला २७० लागतात, तो जो २७० चा जप टीव्हीवर चालू असतो तो हाच. पोर्तो रिकोची (अमेरिकेच्या अखत्यारीतलं बेट, राज्य नाही) ओळ करू नका, तिथे साधारण बत्तीस लाख लोक राहतात, बहुतेक अमेरिकन नागरिक, पण त्यांना एकही इलेक्टर नाही, आणि देशभराची मोजणी आपोआप त्यांनाही मत देईल असं समजू नका, तो वेगळा झगडा आहे.

सध्याचं वाटप २०२० च्या जनगणनेवरचं आहे, २०२४ ला हेच होतं आणि २०२८ लाही हेच असणार. कॅलिफोर्निया ५४, टेक्सस ४०, फ्लोरिडा ३०, न्यूयॉर्क २८, इलिनॉय आणि पेनसिल्व्हेनिया १९-१९, आमचं न्यू जर्सी १४, आणि अगदी खाली वायोमिंग, अलास्का, व्हरमाँट वगैरे मंडळी ३-३ वर. सगळे भरले की खाली बेरीज मारा, ५३८ आली नाही तर कुठेतरी चुकलंय, पुढे जाऊ नका.

आता तिसरा कॉलम लोकसंख्येचा, आणि चौथ्यात लोकसंख्या भागिले इलेक्टर्स. वायोमिंगची लोकसंख्या ५,७६,८५१ म्हणजे एका इलेक्टरमागे साधारण १ लाख ९२ हजार माणसं. कॅलिफोर्नियात ३ कोटी ९५ लाख, म्हणजे एका इलेक्टरमागे ७ लाख ३२ हजार. जवळजवळ पावणेचार पट फरक. हा आकडा बघून बरेच जण इथेच थांबतात, स्क्रीनशॉट काढतात आणि "बघा केवढा अन्याय" म्हणून फॉरवर्ड करतात. अन्याय आहेच, पण खरी गोम इथे नाहीये, ती पुढच्या कॉलममध्ये आहे.

पाचव्या आणि सहाव्या कॉलममध्ये दोन मुख्य उमेदवारांची मतं भरा (कुठल्याही एका वर्षाची, पहिल्यांदा करताय तर २०२४ घ्या), सातव्यात जिंकणाऱ्याचा टक्क्यांमधला लीड, आठव्यात इलेक्टर्स कुणाला गेले. आठव्या कॉलमचा फॉर्म्युला एका ओळीचा आहे: ज्याची मतं जास्त त्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर्स. एका मताने जिंका नाहीतर चाळीस लाखांनी, सगळेच्या सगळे. अपवाद फक्त दोन, मेन १९७२ पासून आणि नेब्रास्का १९९२ पासून, तिथे राज्यभर जिंकणाऱ्याला दोन आणि बाकीचे एकेका मतदारसंघात जो जिंकेल त्याला. त्या दोन ओळी हाताने भराव्या लागतील, उदाहरणार्थ २०२४ मध्ये नेब्रास्का ट्रंपकडे गेलं पण ओमाहाच्या मतदारसंघातला एक इलेक्टर डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिसना मिळाला, आणि मेनमध्ये बरोब्बर उलटं झालं.

हे जे "जिंकणाऱ्याला सगळं" आहे ना, ते राज्यघटनेत कुठेही लिहिलेलं नाही. घटना एवढंच म्हणते की इलेक्टर्स कसे नेमायचे ते त्या त्या राज्याची विधानसभा ठरवेल. राज्यांनी हळूहळू हा नियम स्वीकारला कारण शेजारचं राज्य आपले सगळे इलेक्टर्स एकाच्या पदरात टाकत असताना आपण वाटून दिले तर आपलं वजन कमी होतं, आणि एकदा सगळे त्यात शिरल्यावर एकटं बाहेर पडायला कुणीच तयार होईना.

याचा परिणाम बघायचा असेल तर २०२० ची मतं भरा आणि फक्त दोन ओळी बघा. ट्रंपना कॅलिफोर्नियात ६० लाख मतं पडली, टेक्ससमध्ये ५८ लाख ९० हजार. हो, कॅलिफोर्नियात जास्त. टेक्ससच्या मतांचे ३८ इलेक्टर्स मिळाले (तेव्हा ३८ होते), कॅलिफोर्नियाच्या ६० लाखांचे शून्य. आणि टेक्ससमध्ये बायडनना मत देणारे ५२ लाखांहून जास्त लोक, त्यांचेही शून्य. लहान राज्य मोठं राज्य हा मुद्दा बाजूला ठेवा, ही सगळी माणसं देशातल्या दोन सगळ्यात मोठ्या राज्यांमधली आहेत आणि प्रेसिडेंट निवडताना त्यांचं मत हिशोबातच आलं नाही.

महाराष्ट्रातल्या लोकांना हे अगदी परकं वाटायला नको. २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडी आणि महायुतीची राज्यातली मतं जवळजवळ सारखी होती आणि जागा मात्र ३० आणि १७. मतं किती पडली यापेक्षा ती कुठे पडली हे तिथेही ठरवतंच. फरक एवढा की खासदार त्या मतदारसंघाचा असतो, प्रेसिडेंट सगळ्या देशाचा एकच असतो, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे.

आता शीटमधलं सगळ्यात कामाचं पाऊल. जिंकलेल्या उमेदवाराची राज्यं सातव्या कॉलमच्या उतरत्या क्रमाने लावा, म्हणजे सगळ्यात मोठा लीड वर, आणि इलेक्टर्स वरून खाली मिळवत या. ज्या राज्यावर बेरीज २७० ला पोचते ते राज्य पिवळं करा. निवडणूक खरं तर तिथे ठरली. २०२४ मध्ये ट्रंपचे ३१२. सगळ्यात खाली विस्कॉन्सिन १०, त्याच्या वर मिशिगन १५, त्याच्या वर पेनसिल्व्हेनिया १९. पेनसिल्व्हेनियाच्या आधीपर्यंत बेरीज २६८ येते, ते धरलं की २८७. म्हणजे पिवळं राज्य पेनसिल्व्हेनिया, तिथला लीड साधारण १.७ टक्के. आणि देशभरातला लीड साधारण १.५ टक्के. दोन्ही जवळजवळ सारखे, म्हणून २०२४ ला कुणी इलेक्टोरल कॉलेजच्या नावाने ओरडलं नाही.

हेच २०२० वर करा. देशभरात बायडन साधारण साडेचार टक्क्यांनी पुढे, ७० लाख मतांनी. पिवळं राज्य विस्कॉन्सिन, तिथला लीड ०.६ टक्का. ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांचे लीड एकत्र केले तर साधारण ४३ हजार मतं होतात, आणि ही तीन ट्रंपकडे गेली असती तर २६९-२६९ अशी बरोबरी. ७० लाखांची आघाडी एका बाजूला आणि ४३ हजार दुसऱ्या बाजूला! मी हा हिशोब पहिल्यांदा शीटमध्ये समोर बघितला त्यानंतर माझं मत पक्कं झालं.

२०१६ ला तर उलटंच झालं, डेमोक्रॅट हिलरी क्लिंटनना देशभरात २८ लाखांहून जास्त मतं अधिक मिळाली आणि पिवळं राज्य पुन्हा विस्कॉन्सिन, ट्रंपकडे, एक टक्क्याहूनही कमी फरकाने. २००० मध्ये डेमोक्रॅट अल गोर देशभरात ५ लाख ४० हजारांच्या वर मतांनी पुढे होते आणि फ्लोरिडात ५३७ मतांनी हरले, ५३७, आणि रिपब्लिकन जॉर्ज बुश २७१ वर पोचून प्रेसिडेंट झाले. त्याच्या आधीची १८७६ आणि १८८८ ची उदाहरणं आहेत पण त्यांच्या आकड्यांत शिरायला नको, १८७६ ला तर कुणाचे इलेक्टर्स खरे यावरच वाद झाला होता.

इथे एक गोष्ट नीट बघा, ही भानगड एकाच पक्षाला फायद्याची असते असं नाही. २००४ ची शीट करा. बुश देशभरात ३० लाखांनी पुढे, पण ओहायोत १ लाख १८ हजारांच्या फरकाने जिंकले. ओहायोचे २० इलेक्टर्स डेमोक्रॅट जॉन केरींकडे गेले असते तर ३० लाखांनी मागे असलेले केरी प्रेसिडेंट झाले असते. २०१२ ला पिवळं राज्य कोलोरॅडो होतं आणि तिथला ओबामांचा लीड देशभरातल्या लीडपेक्षा जास्त होता, म्हणजे त्या वर्षी हे यंत्र डेमोक्रॅट्सच्या बाजूला झुकलेलं. म्हणून वाद घालताना "आमच्या पक्षावर अन्याय" या अंगाने जाऊ नका, चार वर्षांत तोच मुद्दा तुमच्यावर उलटतो.

शीट तयार आहे तर आता तीन प्रयोग करा, प्रत्येकासाठी एक नवीन कॉलम.

पहिला प्रयोग, प्रत्येक राज्याचे सिनेटवाले दोन इलेक्टर्स वजा करा (डीसीचेही दोन). सगळे म्हणतात ना की लहान राज्यांना मिळणारे हे दोन जादा इलेक्टर्सच घोळाचं मूळ आहेत, तर तपासून बघू. एकूण उरतात ४३६. २००० मध्ये बुशनी ३० राज्यं जिंकली होती, २७१ मधून ६० गेले, २११. गोरकडे २० राज्यं आणि डीसी, २६७ मधून ४२ गेले, २२५. गोर जिंकले. म्हणजे २००० साली खरंच त्या दोनांनीच निकाल फिरवला. आता २०१६ घ्या, ट्रंपकडे ३० राज्यं, ३०६ वजा ६० म्हणजे २४६, क्लिंटनकडे २३२ वजा ४२ म्हणजे १९०. ट्रंप तरीही आरामात जिंकतात. (टीव्हीवर तुम्हाला ३०४ आणि २२७ दिसेल, कारण सात इलेक्टर्सनी ऐनवेळी दुसरंच नाव लिहिलं होतं. आता २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर राज्यं अशा इलेक्टर्सना बांधून ठेवू शकतात.) तर लहान राज्यांचा बोनस हे अर्धंच कारण आहे, मोठं कारण "जिंकणाऱ्याला सगळं" हेच.

दुसरा प्रयोग बऱ्याच लोकांना आवडतो, की मग सगळ्यांनीच मेन-नेब्रास्कासारखं करावं, मतदारसंघाप्रमाणे. ऐकायला छान वाटतं. २०१२ वर लावून बघा: ओबामांविरुद्धचे रिपब्लिकन मिट रॉम्नी २२६ मतदारसंघांत पुढे होते आणि २४ राज्यांत, २२६ अधिक ४८ म्हणजे २७४. देशभरात जवळपास ५० लाख मतांनी मागे असलेला उमेदवार प्रेसिडेंट. शिवाय मतदारसंघांच्या सीमा राज्यातले राजकारणी आखतात, म्हणजे आता प्रेसिडेंटही त्या नकाशांवर निवडायचा. हा उपाय माझ्या मते रोगापेक्षा वाईट आहे.

तिसरा प्रयोग, प्रत्येक राज्याचे इलेक्टर्स त्या राज्यातल्या मतांच्या प्रमाणात वाटा. हे बरंच न्याय्य दिसतं, पण तीन इलेक्टर्सचं राज्य प्रमाणात वाटताना काय होतं ते वायोमिंगच्या ओळीत करून बघा, राउंडिंगमध्येच सगळं जातं. आणि तिसऱ्या पक्षाने थोडे इलेक्टर्स नेले की २७० कुणालाच मिळत नाहीत.

२७० कुणालाच नाही मिळाले तर काय, हे बहुतेकांना माहीत नसतं आणि मला हे सगळ्यात धोकादायक वाटतं. मग निवड हाउसमध्ये जाते, तिथे प्रत्येक राज्याला एक मत, आणि २६ राज्यं लागतात. कॅलिफोर्नियाचे ५२ सदस्य मिळून एक मत आणि वायोमिंगचा एकच सदस्य तो एकटा एक मत. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून हाउसवर निवडून आले ते आठवत असेल, तर अशा प्रसंगी मिशिगनच्या १३ सदस्यांनी आपापसात ठरवून एकच मत टाकायचं असतं. १८२४ मध्ये हे खरंच घडलं, इलेक्टर्स आणि लोकांची मतं दोन्हीत पुढे असलेले अँड्र्यू जॅक्सन बाजूला राहिले आणि हाउसने जॉन क्विन्सी ॲडम्सना निवडलं.

आता समोरच्या बाजूचं म्हणणंही शीटशेजारी लिहून ठेवा, कारण त्यातला एक मुद्दा खरंच वजनदार आहे. देशभराची मोजणी केली आणि फरक अगदी थोडा निघाला तर फेरमोजणी कुठे करायची? आज वाद फ्लोरिडापुरता राहतो, उद्या प्रत्येक राज्यातलं प्रत्येक बूथ वादात येईल, आणि प्रत्येक राज्याचे मतदार नोंदणीचे, टपाली मतांचे, ओळखपत्राचे नियम वेगळे, देशपातळीवर मोजणी करणारं आपल्या निवडणूक आयोगासारखं एक ऑफिसच नाही. याला माझं उत्तर असं की कोट्यवधी मतांत अगदी अटीतटीचा निकाल येण्याची शक्यता पन्नास वेगवेगळ्या राज्यांपेक्षा कमी असते, पण सगळ्या देशासाठी एकसारखे नियम आणल्याशिवाय हा बदल नीट चालणार नाही, हे मीही मानते.

दुसरा मुद्दा, "मग सगळे फक्त मोठ्या शहरांत प्रचार करतील." त्यावर विचारा की आत्ता प्रचार कुठे होतो. २०२४ ची सात राज्यं घ्या, पेनसिल्व्हेनिया, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, मिशिगन, ॲरिझोना, विस्कॉन्सिन, नेवाडा, सगळे मिळून ९३ इलेक्टर्स, दोन्ही पक्षांचा जीव त्यांच्यातच. वायोमिंगमध्ये आजही कुणी फिरकत नाही. न्यू जर्सीतही नाही, इथे उमेदवार येतात ते देणग्या गोळा करायला.

आणि तिसरा, "हे घटनाकारांनी विचार करून ठेवलंय." १७८७ मध्ये फिलाडेल्फियात बसलेल्यांपैकी जेम्स विल्सन लोकांनी थेट निवडावं म्हणत होते, आणि मॅडिसननीही लोकांची निवड चांगली हे मान्य करून अडचण सांगितली, की दक्षिणेतल्या राज्यांत मोठी संख्या गुलामांची, त्यांना मत नाही, म्हणजे थेट मतदानात दक्षिणेचं वजन कमी पडेल. इलेक्टर्स हाउसच्या जागांवर ठरवले की, त्या जागांसाठी लोकसंख्या मोजताना गुलामांचे तीन पंचमांश धरून दक्षिणेच्या वाढलेल्या जागांचा फायदा इथेही मिळत होता. हे एकच कारण होतं असं नाही, पण ते कारण होतं, आणि त्या दिवशीच्या चर्चेची टिपणं स्वतः मॅडिसननीच लिहून ठेवलीत.

बदलायचं कसं? घटनादुरुस्तीचा प्रयत्न एकदा अगदी जवळ आला होता. १९६८ ला तिसऱ्या पक्षाच्या जॉर्ज वॉलेसनी पाच राज्यं आणि ४६ इलेक्टर्स नेले, दोन्ही पक्ष घाबरले, आणि १९६९ मध्ये हाउसने थेट निवडणुकीची दुरुस्ती ३३८ विरुद्ध ७० ने मंजूर केली, प्रेसिडेंट निक्सनचाही पाठिंबा होता. १९७० मध्ये सिनेटमध्ये लांबलचक भाषणांनी ती अडवली गेली आणि विषय संपला.

म्हणून आता दुसरी वाट काढलीय, राज्याराज्यांचा करार. करारातली राज्यं म्हणतात की आमच्या राज्यात कुणीही जिंको, आमचे इलेक्टर्स आम्ही देशभरात जास्त मतं मिळवणाऱ्याला देऊ, पण करारातल्या राज्यांची बेरीज २७० होईल तेव्हाच. मेरीलँड २००७ मध्ये पहिलं, लगेच २००८ च्या सुरुवातीला न्यू जर्सी, आणि एप्रिल २०२४ मध्ये मेन आलं तेव्हा १७ राज्यं आणि डीसी मिळून २०९ झाले होते. शीटमध्ये यासाठी एक कॉलम ठेवा, सहभागी राज्यापुढे १, आणि इलेक्टर्सनी गुणून बेरीज. त्या २०९ मधली सगळी राज्यं २०२४ ला हॅरिसकडे गेलेली आहेत हे तुम्हाला लगेच दिसेल, आणि अडचण तीच आहे, तेव्हा उरलेले ६१ मिळवायला रिपब्लिकन किंवा स्विंग (कधी इकडे कधी तिकडे जाणारी) राज्यं लागणार होती. शिवाय अशा कराराला काँग्रेसची (म्हणजे अमेरिकेच्या संसदेची) संमती लागते की नाही हा वाद कोर्टात जाणार हे नक्की.

वेळ असेल तर शेजारी भारताच्या राष्ट्रपती निवडणुकीची छोटी शीट करा, कारण तिथेही राज्यांचं वजन आहे पण हिशोब वेगळा. राज्याची १९७१ ची लोकसंख्या भागिले आमदारांची संख्या, आणि आलेला आकडा पुन्हा भागिले १०००. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५, गोव्याच्या आमदाराचं २०. आकडे ऐकून गोव्यावर अन्याय वाटतो, पण २८८ गुणिले १७५ म्हणजे ५०,४०० आणि ४० गुणिले २० म्हणजे ८००, आणि दोन्हीकडे साधारण हजार माणसांमागे एक मूल्य. वायोमिंग-कॅलिफोर्नियासारखी दरी नाही. आणि मुख्य म्हणजे "जिंकणाऱ्याला सगळं" नाही, प्रत्येक आमदाराचं मत सुटं मोजलं जातं, म्हणून तर २००७ मध्ये शिवसेना एनडीएत असून प्रतिभाताई पाटलांना मत देऊ शकली आणि ती मतं त्यांच्याच खात्यात पडली. अडचण इथेही आहे, १९७१ नंतर कुठल्या राज्यात माणसं किती वाढली ते यात धरलेलंच नाही.

शीटची एक कॉपी ७ नोव्हेंबर २०२८ साठी मतांचे कॉलम कोरे ठेवून सेव्ह करा. त्या रात्री (भारतात ८ तारखेची सकाळ) फक्त इलेक्टर्सचा कॉलम भरत जा आणि नजर त्या सात राज्यांवर ठेवा. देशभराच्या मतांचा कॉलम त्या दिवशी भरू नका, कॅलिफोर्नियात टपाली मतं मोजायला आठवडे लागतात आणि तोवर देशभराचा लीड लाखांनी बदलत राहतो, २०१६ ला असंच झालं होतं. इलेक्टर्सचं मतदान १९ डिसेंबरला आहे, तोपर्यंत राज्यांचे अधिकृत आकडे आलेले असतात. तेव्हा भरा, उतरता क्रम लावा, आणि पिवळं राज्य शोधा.